सहकारी हल्ली खचल्यासारखा वाटतोय: विचारावं का, आणि कसं?

आभा२०

आमच्या टीममधला एक सहकारी गेल्या महिन्याभरात खूप बदललाय. मैत्री म्हणावी इतकी जवळीक नाही. कामापुरतं बोलणं, कधी लिफ्टमध्ये दोन शब्द, एवढंच. पण शेजारी बसतो म्हणून दिसतं. दुसऱ्याच्या तक्त्यातली चूक नुसत्या नजरेने पकडणारा माणूस, परवा त्याने स्वतः पाठवलेल्या फाइलमध्ये मागच्या महिन्याचेच आकडे होते. मी दाखवल्यावर "हो, असेल" म्हणाला आणि स्क्रीनकडे बघत राहिला. एरवी तो वैतागला असता, हसला असता, लगेच दुरुस्त करून तरी पाठवलं असतं. कानात हेडफोन असतात, पण त्यात काही चालू नसतं, कारण हळू हाक मारली तरी लगेच वळतो. मीटिंगमध्ये स्वतःहून बोलणं बंदच झालंय.

बाकीच्यांत आता कुजबुज सुरू झाली आहे. कुणी म्हणतं नोकरी बदलतोय, कुणी म्हणतं घरी काहीतरी बिनसलंय. मला ते ऐकवत नाही. त्याच्याशी बोलावंसं मनापासून वाटतं, पण आपण कोण विचारणारे, असंही वाटतं. विचारून त्याला अवघडल्यासारखं झालं तर? आणि समजा त्याने खरंच काही सांगितलं, तर पुढे मी काय करायचं? ज्यांनी असं कुणाला विचारलंय, किंवा ज्यांना कुणी विचारलंय, त्यांनी जरूर लिहा.

तळ्याकाठी

विचारा. चुकीचे शब्द वापरले तरी चालतील, पण विचारा.

निरंजन_ल

माझं मत वेगळं आहे. भाऊ गेल्यानंतर मी कामावर परतलो, तेव्हा ऑफिस ही एकच जागा होती जिथे माझ्याकडे कुणी त्या नजरेने बघत नव्हतं. घरी येणारा प्रत्येक जण हात हातात घेऊन बोलायचा. ऑफिसात मात्र कुणीतरी येऊन "तो कोड तपासलास का?" विचारायचं, आणि पुढचा तासभर मी फक्त कोड तपासणारा माणूस असायचो. त्या तासाची मला किती गरज होती हे शब्दांत सांगता येणार नाही. मग एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, "कसा आहेस? खरं सांग." हेतू चांगलाच असणार. पण त्या दिवसापासून ती जागाही गेली.

माणूस गप्प आहे म्हणजे त्याला बोलायचंय असं गृहीत धरू नका. काम हाच काहींचा आसरा असतो.

केतकी_प

मी नैराश्यातून गेलेय, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. निरंजन, तुमचं म्हणणं समजतं, पण तुमच्या अनुभवात खरी अडचण "सगळ्यांसमोर" ही आहे असं मला वाटतं.

माझं तेव्हा असं व्हायचं, की दोन ओळींची मेल वाचायला बसायचे आणि शेवटच्या शब्दापर्यंत पोचेतो पहिला शब्द निसटलेला असायचा. लोकांना वाटतं हा आजार म्हणजे सतत रडणं. मला रडूही येत नव्हतं. सकाळी दात घासणंसुद्धा मनाची तयारी करून उरकायचं काम झालं होतं. ऑफिसात सगळे कौतुक करायचे की हल्ली किती शांत झालीयेस.

दुसऱ्या विभागातली एक जण एकदा मला मीटिंगच्या खोलीत घेऊन गेली, दार लावलं आणि म्हणाली, "गेले दोन-तीन आठवडे तू आधीसारखी बोलत नाहीस, मला जाणवलं. बोलायचं नसेल तर काहीच हरकत नाही." मी म्हटलं, "काही नाही, झोप नीट होत नाहीये." तिने खोदून विचारलं नाही. "बरं. या आठवड्याचा अहवाल मी लिहिते, तू फक्त आकडे पाठव," म्हणाली आणि कामाला लागली. पुढच्या आठवड्यात परत आली. तेव्हा मी बोलले. पहिल्या वेळी बोलले नव्हते, कारण ती सहज विचारतेय की खरंच विचारतेय हे मला कळत नव्हतं.

आणि जे टोचलं तेही सांगते. "तुला काय कमी आहे?" "मन रमव कशात तरी." "यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक जगतात." ही वाक्यं ऐकून मी घरी जाऊन स्वतःलाच दोष द्यायचे. "काही लागलं तर सांग" हे प्रेमाने म्हटलं जातं, पण काय लागतंय हेच त्या अवस्थेत कळत नसतं, तर सांगणार काय? त्यापेक्षा आपणच एक ठोस गोष्ट सुचवावी. हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायला जमतं.

मिहिर_स

केतकीताई, शेवटचा परिच्छेद छापून प्रत्येक ऑफिसात लावायला हवा. +१००

वाटाड्या

ऑफिसात "काय झालं रे?" विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकाला मदत करायची असते, दुसऱ्याला बातमी हवी असते. आणि बातमीवाले नेहमी आधी पोचतात! म्हणून आभा, तुम्ही उशीर करू नका. :-)

शमा

मी समुपदेशक म्हणून काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नैराश्याचं निदान करताना साधारण दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बहुतेक वेळ टिकलेली लक्षणं बघतात. उदास वाटणं, किंवा ज्यात एरवी आनंद मिळायचा त्यातली गोडी जाणं, यातलं निदान एक असावं लागतं. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, निर्णय घेता न येणं, अपराधी वाटणं, हालचाल मंदावणं किंवा उलट अस्वस्थपणा, आणि मरणाचे विचार हे सगळं पाहिलं जातं. आभाने लिहिलेल्या चुका आणि गप्पपणा यात बसू शकतात. पण थायरॉइडचा विकार, बी-१२ ची कमतरता, रक्त कमी असणं, नुसती कित्येक रात्रींची अपुरी झोप, कुणाचं तरी आजारपण, यातलं काहीही असू शकतं. त्यामुळे "तुला डिप्रेशन आलंय" असं सहकाऱ्याने म्हणायचंच नाही. आपण काय पाहिलं तेवढंच सांगायचं: "तू मीटिंगमध्ये बोलत नाहीस, मला काळजी वाटली." पाहिलेली गोष्ट कुणाला नाकारावी लागत नाही. आपण काढलेला निष्कर्ष मात्र माणूस लगेच नाकारतो आणि बोलणं तिथेच संपतं.

विचारल्यावर शांतता आली तर ती भरून काढू नका. आपल्याला ती फार लांब वाटते, समोरचा तेवढ्यात शब्द जुळवत असतो. उपाय सुचवायची घाई नको, "माझंही असंच झालं होतं" ही गोष्टही नको, निदान पहिल्या भेटीत तरी.

आता महत्त्वाचं. तो "सगळं संपवून टाकावंसं वाटतं", "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास", "मी नसलेलाच बरा" असं काही बोलला, तर विषय बदलू नका. सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. अभ्यासांमध्ये तसं आढळलेलं नाही. उलट कुणीतरी स्पष्ट विचारलं म्हणून पुष्कळांना हायसं वाटतं. उत्तर "हो" असेल आणि कसं, कधी हेही ठरलेलं दिसत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, घरच्या किंवा जवळच्या माणसाला बोलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर, रुग्णालय किंवा तुमच्या भागातली हेल्पलाइन गाठा. अशा वेळी "कुणाला सांगू नकोस" हे वचन देऊ नका. बाकी सगळं गुप्त राहील, हे एवढं राहणार नाही, असं त्याला तोंडावर सांगा.

आणि बरेच दिवस खोल उदास असलेला माणूस अचानक अगदी शांत, हलका वाटायला लागला, जपलेल्या वस्तू वाटायला लागला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर "बरं झालं, सावरला" म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी बोला.

ओवी

शमा, खूप धन्यवाद. नेटवर नैराश्य तपासायची ती नऊ प्रश्नांची यादी मिळते, ती त्याला पाठवली तर चालेल का?

शमा

ओवी, तुम्ही पीएचक्यू-९ म्हणताय. २००१ पासून ती वापरात आहे, गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. माणसाने स्वतः भरायची आणि डॉक्टरांशी बोलताना वापरायची. शेजारी बसून आपण मनातल्या मनात दुसऱ्याची भरायची नाही. आणि अजून नीट बोलणंच झालं नसेल तर पहिलीच गोष्ट म्हणून प्रश्नावली पाठवली, तर त्याला परीक्षा घेतल्यासारखं वाटेल. आधी माणूस भेटू दे.

रघुनाथ_जे

मनुष्यबळ विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्या बाजूने दोन गोष्टी. एक, त्याला न विचारता आमच्याकडे येऊन त्याच्याबद्दल सांगू नका. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. दुसरी, तुमच्या संस्थेत समुपदेशनाची सोय आहे का, ती गोपनीय आहे का, रजेचे नियम काय, हे आधी स्वतः शोधून ठेवा. खचलेल्या माणसाला "पोर्टलवर बघ" सांगणं म्हणजे त्याला आणखी एक काम देणं. तुम्ही नंबर काढून द्या, वाटलं तर फोन करताना शेजारी बसा.

व्यवस्थापकांनी तर हे शिकायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्यावं अशी शिफारस आहे. नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दर वर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात असा त्यांचाच अंदाज आहे. माणसापोटी नसेल तर निदान या आकड्यापोटी तरी वरच्यांनी लक्ष द्यावं.

ऐरणीवर

रघुनाथजी, आदर ठेवून असहमत. मी विश्वासाने मनुष्यबळ विभागात जाऊन सांगितलं होतं की उपचार चालू आहेत. पुढच्या महिन्यात मला महत्त्वाच्या प्रकल्पातून काढलं, "तुझ्यावर ताण नको म्हणून". मला विचारलंसुद्धा नाही. आभा, तो काही बोलला तर ते तुमच्यापाशीच राहू दे. वर काय जावं, किती जावं, हे त्याचं तो ठरवेल.

रघुनाथ_जे

ऐरणीवर, तुमच्यावर अन्याय झाला. काम कमी करायचं की नाही हा निर्णय तुमच्याशी बोलून व्हायला हवा होता. "तुला कशाने सोपं जाईल?" हा साधा प्रश्न आहे आणि तो विचारायलाच लोक विसरतात.

अनघाताई

मला इथे एक गोष्ट खटकते आहे. एवढे प्रतिसाद झाले, सगळे त्या एका माणसाला कसं सांभाळायचं यावर. त्याच्यावर काम किती आहे, हे कुणी विचारलं का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, तेव्हा तो आजार नव्हे तर कामाशी निगडित अवस्था आहे, असं स्पष्ट म्हटलं: सांभाळला न गेलेला कामाचा दीर्घकाळचा ताण, त्यातून येणारं पार थकलेपण, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. माणसाला समुपदेशकाकडे पाठवायचं आणि टेबलावरचा ढीग तेवढाच ठेवायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तीन माणसं नोकरी सोडून गेली, त्यांचं काम चौथ्याला दिलं, आणि चौथा गप्प झाल्यावर सगळे म्हणाले, घरी काहीतरी असेल.

आभा, तुमच्या टीममध्ये अलीकडे कुणी सोडून गेलंय का?

आभा२०

अनघाताई, हो. दोघं गेले. आणि त्यांच्यातल्या एकाचं काम त्याच्याकडेच आलंय. तुम्ही विचारेपर्यंत मी हे जोडून पाहिलं नव्हतं.

सोहम_व

थोडं अवांतर. माझ्या टीममध्ये असंच एका सहकारी मुलीच्या बाबतीत वाटतंय. मी विचारलं तर भलताच अर्थ निघेल, याची धास्ती वाटते. तिच्याही आणि बाकीच्यांच्याही मनात.

केतकी_प

सोहम, रास्त शंका आहे. कामाच्या वेळेत, ऑफिसातच बोला, काचेचं दार असलेली खोली उत्तम. रात्री उशिरा मेसेज नको. "तू खूश दिसत नाहीस" असलं वाक्य टाळा, ते चेहऱ्यावर जातं. "गेल्या दोन वेळा तू तुझा भाग दुसऱ्याला मांडायला दिलास, सगळं ठीक ना?" असं कामावरून सुरू करा. तिची जवळची मैत्रीण टीममध्ये असेल तर तिला सुचवणंही चांगलं, पण "तिला काहीतरी झालंय" असं पसरवू नका. "तू तिच्याशी बोललीस का हल्ली?" एवढंच.

ओवी

आणि घरून काम करणाऱ्यांचं काय? आमची टीम पाच शहरांत विखुरलेली. एकीचा कॅमेरा महिनाभर बंद आहे. पण कॅमेरा बंद म्हणजे दुःखी असं थोडंच असतं.

मिहिर_स

कॅमेऱ्यावरून काही ठरवू नका, बदलावरून ठरवा. कायम बंद ठेवणारीचा बंद आहे, तर काही नाही. कायम चालू ठेवणारीचा बंद झाला, उत्तरं एका शब्दावर आली, आणि मेसेज पहाटे तीन वाजता यायला लागले, तर फोन करा. व्हिडिओ नको, साधा फोन. आधी मेसेज टाका की "कामाचं काही नाही, सहज बोलायचंय", नाहीतर खचलेल्या माणसाला "जरा बोलायचंय" वाचून आता नोकरी गेली असंच वाटतं. आम्ही दोघं फोनवर बोलत आपापल्या घराबाहेर चालायचो. चालताना बोलणं सोपं जातं, समोरासमोर बघावं लागत नाही.

निरंजन_ल

सगळं वाचलं. केतकीताईंचं "सगळ्यांसमोर" पटलं. तरी माझा मुद्दा सोडत नाही: एकदा विचारा. त्याने नाही म्हटलं तर थांबा. दर आठवड्याला कुणी काळजीच्या चेहऱ्याने येऊन उभं राहिलं तर ती काळजी माणसाला चुकवावी लागते.

केतकी_प

निरंजनदादा, इथे मात्र आपलं जुळत नाही. मला दुसऱ्यांदा विचारलं नसतं तर मी बोललेच नसते. ऑस्ट्रेलियात २००९ पासून "आर यू ओके?" नावाची मोहीम चालते. ज्यांनी ती सुरू केली त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. त्यांची चारच पावलं आहेत: विचारा, ऐका, पुढचं काही करायला बळ द्या, आणि परत चौकशी करा. चौथं पाऊल त्यांनी उगाच ठेवलेलं नाही.

शमा

दोघांचंही जमेल असा मार्ग आहे. दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायचा नाही. कामाचं बोलायला जायचं, जवळ बसायचं, "मी मागे विचारलं होतं, ते अजून तसंच आहे, कधीही बोल" एवढं एका वाक्यात सांगायचं आणि कामाकडे वळायचं. निरंजनना हवा तो कामाचा तासही राहतो, दारही उघडं राहतं.

निरंजन_ल

हे चालेल. मला कुणी असं म्हटलं असतं तर आवडलं असतं.

परिघ

एक बाजू राहिली, विचारणाऱ्याची. माझी बहीण अशीच एका सहकाऱ्याला आधार देत होती. दोन महिन्यांत रोज रात्री तासभर फोन, सुट्टीच्या दिवशीही. तो डॉक्टरांकडे जायला तयार नव्हता, कारण "तुझ्याशी बोललं की बरं वाटतं". तिची स्वतःची झोप गेली. शेवटी तिने सांगितलं, "मी आहेच, पण मी डॉक्टर नाही. पहिल्या भेटीला मी बरोबर येते." तो गेला. औषधं सुरू झाली. त्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर आठवड्यातच सोडली असती. आभा, आपण कुठवर, हे सुरुवातीलाच मनाशी ठरवा. त्यात काही कमीपणा नाही.

आभा२०

सगळ्यांचे खूप आभार. काल बोलले. खोलीत, दोघंच. केतकीताईंचं वाक्य जवळजवळ तसंच वापरलं. आधी "काही नाही, ठीक आहे" म्हणाला. मी गप्प राहिले. शमाताई, ती शांतता खरंच फार लांब वाटली. मग बोलला. काय बोलला ते इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे. जिवाला धोका वाटावा असं काही नाही, मी विचारलंही. डॉक्टरांची वेळ घ्यायला तयार झालाय. आणि गेलेल्या सहकाऱ्याचं काम हा त्यातला बराच मोठा भाग आहे, अनघाताई. त्याच्या परवानगीने आम्ही दोघं मिळून साहेबांकडे जाणार आहोत, फक्त कामाच्या वाटणीबद्दल बोलायला. बाकीचं तिथे निघणार नाही.

वाटाड्या

आभा, फार बरं वाटलं वाचून. साहेबांकडे जाताना कामांची यादी कागदावर घेऊन जा: काय आधीपासूनचं, काय नवीन आलं, कशाला किती तास. तोंडी सांगितलं की "सगळ्यांनाच काम आहे" हे उत्तर येतं, यादीला ते देता येत नाही.

रेवा_म

धागा उशिरा वाचला, पण माझा प्रश्न इथलाच आहे. आमचा एक सहकारी याच कारणासाठी दीर्घ रजेवर होता, सोमवारी परत येतोय. सगळ्यांना कारण माहीत आहे. टीम म्हणतेय की खोली सजवून स्वागत करूया. मला ते ठीक वाटत नाही, पण काहीच न करणंही बरं दिसत नाही.

ऐरणीवर

सजावट नको, कृपा करून. मी परतलो तेव्हा सगळे टाळ्या वाजवत उभे होते आणि मला तिथूनच मागे फिरावंसं वाटलं. शक्य असेल तर आज-उद्या त्याला एकानेच फोन करा आणि विचारा, लोकांना काय सांगितलेलं त्याला चालेल. जागा, संगणक, पासवर्ड सगळं चालू आहे ना ते आधी बघा, नाहीतर पहिला अख्खा दिवस तो रिकामा बसून राहील आणि सगळे बघत राहतील. पहिल्या दिवसासाठी एक छोटं, खरं, संध्याकाळपर्यंत पूर्ण होईल असं काम काढून ठेवा.

रघुनाथ_जे

आणि साठलेल्या मेल त्याच्यावर सोडू नका. कुणीतरी बसून त्यातल्या लागणाऱ्या तेवढ्या वेगळ्या काढा. पहिले काही आठवडे अर्धा वेळ जमतंय का तेही विचारा, पुष्कळ ठिकाणी देता येतं, फक्त कुणी मागत नाही.

रेवा_म

फोन मीच करते. मेलचं आजच बघते.